मॅक्‌ग्रा, जेरेमी : १९९६ चा सुपरक्रॉस हंगाम
अमेरिकन मोटरसायकल शर्यतपटू जेरेमी मॅक्‌ग्रा (जन्म १९७१) याने होंडाच्या २५० सीसी टू-स्ट्रोक गाडीवर गाजवलेला हंगाम. १५ पैकी १४ शर्यती त्याने जिंकल्या, त्यांतील पहिल्या १३ सलग. चौदावी, सेंट लुइसची, कावासाकीच्या जेफ एमिगने जिंकली. शेवटची पुन्हा मॅक्‌ग्राची. सुपरक्रॉसचे हे त्याचे लागोपाठ चौथे विजेतेपद.

सुपरक्रॉसचा मार्ग स्टेडियममध्ये माती टाकून तात्पुरता उभारतात. तो अरुंद, आखूड आणि उंचवट्यांनी भरलेला असतो. सुरुवातीला मागे पडलेल्या स्वाराला पुढे सरकायला जागा थोडीच मिळते. एखादी पडझड आघाडी घालवते. अशा खेळात सलग १३ विजय मिळवणे निव्वळ वेगाचे काम नव्हे. मॅक्‌ग्रा बीएमएक्स सायकल शर्यतींतून आला होता. उडीवर तो गाडी फार उंच जाऊ देत नसे, कारण हवेत असताना गाडीचा वेग वाढवता येत नाही. लवकर जमिनीवर टेकणारा लवकर पुढे निघतो. त्याचे हे तंत्र पुढच्या पिढीने उचलले, आणि आकड्यांपेक्षा त्याचे हेच योगदान मोठे मानावे लागेल.

१९९७ मध्ये तो सुझुकीकडे गेला आणि विजेतेपद एमिगला मिळाले. यामाहावर त्याने १९९८ ते २००० अशी आणखी तीन विजेतेपदे मिळवली. २००१ मध्ये रिकी कारमायकलने सलग १३ विजयांची बरोबरी साधली.