आग विझते, मग मनाचे काय?

दरवर्षी १४ एप्रिलपासून आठवडाभर आपल्याकडे अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकेही. आग विझवणे चालू असतानाच स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दुर्घटनेत गेले. त्यांना आपण दरवर्षी मानवंदना देतो. पण जे जिवंत घरी परतले, त्यांच्या मनाचे काय झाले असेल?

वैद्यकशास्त्राला हा प्रश्न आधी सैनिकांच्या बाबतीत पडला. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ‘शेल शॉक’बद्दल लिहिले. तोफगोळ्याच्या दणक्याने मेंदूला इजा होत असावी, असा तेव्हा समज होता. पण स्फोटाच्या जवळही नसलेल्या सैनिकांना तोच त्रास होऊ लागला. अनेकांवर भित्रेपणाचा शिक्का बसला. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचे हाल पाहिल्यावर, १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने या आजाराला अधिकृत नाव दिले: पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणाव विकार.

अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांचा विचार त्यानंतर जोराने सुरू झाला. स्वतः हे काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली एक पद्धत मांडली. मोठी दुर्घटना झाली की काही दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवायचे आणि काय पाहिले, काय वाटले, ते बोलून घ्यायचे. कल्पना मनाला पटणारी होती, म्हणून ती झपाट्याने पसरली.

मग ती तपासून पाहिली गेली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात भाजलेल्या रुग्णांपैकी काहींना असे एकदाच बसवून बोलते केले होते, काहींना नाही. तेरा महिन्यांनी पाहिले, तर बोलते केलेल्यांपैकी २६ टक्के जणांना पीटीएसडी होता. इतरांपैकी ९ टक्के जणांना. मिचेल यांची पद्धत कर्मचाऱ्यांच्या गटासाठी होती, हे रुग्ण होते, हा फरक खरा आहे. तरीही पुढच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण झाले, तेव्हा अशा एका बैठकीने आजार टळत नाही, हेच दिसले. म्हणून आज सरसकट सगळ्यांना लगेच बोलायला लावू नये, असा सल्ला दिला जातो.

याचा अर्थ गप्प बसावे, असा मुळीच नाही. ज्याला बोलायचे आहे त्याचे जरूर ऐका. ज्याला नाही त्याच्या मागे लागू नका. पहिले काही दिवस विश्रांती, झोप, वेळेवर जेवण आणि आपल्या माणसांची सोबत हाच मोठा आधार असतो. बहुतेकांचे मन हळूहळू सावरते.

तुमच्या घरात कुणी अग्निशमन दलात, पोलिसांत किंवा रुग्णवाहिकेवर असेल, तर महिन्यानंतरही काही गोष्टींवर लक्ष ठेवा. तोच प्रसंग स्वप्नात येणे, दचकणे, उगाच चिडणे, माणसे टाळणे, दारू वाढणे. यातले काही टिकून असेल, तर डॉक्टरांना भेटा. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर महिनाभर थांबू नका, लगेच मदत घ्या. या आजारावर खास समुपदेशन आणि औषधे आहेत, आणि त्यांचा उपयोग होतो. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. कुटुंबीयांनीही फोन करायला हरकत नाही, कारण रात्रीची जागरणे त्यांच्याही वाट्याला येतात.

दवाखान्यात अशी माणसे बहुधा ‘ॲसिडिटी’ किंवा ‘डोकेदुखी’ सांगत येतात. खरे कारण सोबत आलेली पत्नी सांगते. तेव्हा पुढच्या वेळी तुम्हीही जरूर सोबत या.