वाळवंट ओलांडण्याचे गणित

आमच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात दौलताबादच्या किल्ल्यावर सहल नेली नाही, अशी शाळा विरळाच. किल्ल्यावर गेले की महंमद तुघलकाची गोष्ट निघते, राजधानी हलवल्याबद्दल त्याला वेडा ठरवले जाते आणि मुले अंधारी पाहायला पळतात. याच किल्ल्याच्या पायथ्याशी १३४२ च्या सुमारास उतरलेला एक प्रवासी मात्र सहसा कोणाला आठवत नाही. त्याचे नाव इब्न बतूता. मोरोक्कोतल्या टँजिअर गावी १३०४ मध्ये जन्मलेला हा माणूस तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघाला होता. वाटेत तो धार, उज्जैन करत दौलताबादला आला आणि पुढे नंदुरबारमार्गे खंबायतला गेला. येथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो, हे त्याने आवर्जून नोंदवले आहे.

दहा वर्षांनी, १३५२ मध्ये, याच माणसाने सहारा वाळवंट ओलांडले. दोन्ही प्रवासांचे वर्णन त्याने १३५५ मध्ये पूर्ण झालेल्या एकाच ग्रंथात सांगितले आहे. त्या दोन वाटा शेजारी ठेवून वाचल्या, तर लांबच्या प्रवासाची आखणी नेमकी कशावर उभी असते, हे चांगले कळते.

राज्याने बांधलेली वाट

दिल्ली ते दौलताबाद हे अंतर चाळीस दिवसांचे, असे इब्न बतूता सांगतो. रस्त्याच्या दुतर्फा झाडे होती. दर मैलाला पायी डाकेच्या तीन चौक्या होत्या आणि प्रवाशाला लागणारी प्रत्येक वस्तू तेथे मिळे. जणू चाळीस दिवस लांबीच्या बाजारातूनच आपण चालतो आहोत, असे त्याला वाटले.

डाकेची व्यवस्था साधी आणि हुशारीची होती. जासुदाच्या हातात वर तांब्याची घुंगरे बांधलेली काठी असे. घुंगरांचा आवाज कानी पडला की पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून उभा राही. त्यामुळे हातबदलात वेळ जात नसे. सिंध ते दिल्ली हा पन्नास दिवसांचा पल्ला डाक पाच दिवसांत गाठी. सुलतान दौलताबादला असताना त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणीही चाळीस दिवसांच्या अंतरावरून आणले जात असे.

येथे विद्यार्थ्यांना एक भेद दाखवून द्यावा. रस्ता, चौक्या, जासूद हे इब्न बतूताने स्वतः पाहिले होते. राजधानी हलवली गेली ती १३२७ च्या सुमारास, आणि तो सिंधू नदीवर पोचला १३३३ मध्ये. म्हणजे दिल्ली ओस पडल्याच्या त्याच्या कथा ऐकीव आहेत. दौलताबादच्या तळघरातले मांजरांपेक्षा मोठे उंदीर मात्र आपण स्वतः पाहिले, असे तो लिहितो. ते उंदीर म्हणजे आपल्या घुशी असाव्यात! एकाच ग्रंथातले पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे काढणे, हा इतिहासातला प्रयोगच आहे.

जेथे रस्ताच नाही

आता सहाराकडे वळू. मोरोक्कोच्या दक्षिण टोकाला सिजिलमासा नावाचे शहर होते. येथे इब्न बतूताने उंट विकत घेतले आणि त्यांना चार महिने चारा घातला. आखणीची ही पहिली पायरी. १८ फेब्रुवारी १३५२ रोजी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर तो निघाला. मुख्य उन्हाळा लागण्यापूर्वी पलीकडे पोचायचे, ही दुसरी पायरी.

पंचवीस दिवसांनी तगाझा आले. हे आजच्या माली देशाच्या उत्तर भागातले ठिकाण. तेथे झाड नाही, शेत नाही. जमिनीतून मिठाच्या लाद्या खणून काढतात. घरांच्या भिंतीही मिठाच्याच आणि छपरे उंटाच्या कातड्याची. खणणारे सगळे गुलाम. त्यांचे अन्न म्हणजे उत्तरेकडून येणारा खजूर, दक्षिणेकडून येणारे भरड धान्य आणि उंटाचे मांस. तांडा आला नाही तर त्यांची उपासमारच. हेच मीठ वलाता गावी उंटाच्या ओझ्यामागे ८ ते १० मिस्काल सोन्याला आणि मालीच्या राजधानीत २० ते ३० मिस्कालांना विकले जाई. (एक मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम.)

तगाझाच्या पुढे दहा दिवस पाण्याचा भरवसा नसतो. त्या वर्षी पाऊस झाल्याने तांड्याला काही डबकी भरलेली मिळाली. तरीही याच टप्प्यात एक जण भावकीतल्या भांडणामुळे रागाने मागे राहिला, तो पुन्हा दिसला नाही. त्यानंतर आपण कधी तांड्याच्या पुढे गेलो नाही आणि मागेही राहिलो नाही, असे इब्न बतूता लिहितो. पुढे दुसऱ्या एका तांड्यातला हरवलेला माणूस त्यांना एका झुडपाखाली मेलेला आढळला. अंगावर कपडे होते, हातात चाबूक होता आणि पाणी होते जेमतेम मैलभर अंतरावर. तो मेला तो पाणी नव्हते म्हणून नाही. पाणी कोठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते म्हणून.

तकशीफ

दहा दिवसांनी तासरहला हा पाणवठा आला. येथे तांडे तीन दिवस थांबत, पखाली दुरुस्त करत आणि भरून घेत. येथूनच ‘तकशीफ’ पुढे धाडला जाई. तकशीफ म्हणजे मसूफा जमातीचा एक वाटाड्या. तांड्यातल्या लोकांची पत्रे घेऊन तो एकटाच वलाता गावी जाई. पत्रांत दोन मागण्या असत : आमच्यासाठी घरे भाड्याने घेऊन ठेवा, आणि चार मुक्काम पुढे येऊन आम्हाला पाणी आणून द्या. ज्याची गावात ओळख नसे, तो तेथल्या एखाद्या भल्या व्यापाऱ्याला लिही.

तकशीफ वाटेत मेला तर गावाला तांड्याची वार्ताच लागत नसे, आणि मग तांड्यातले बहुतेक लोक मरत. वाळवंटातली भुते एकट्या माणसाशी खेळतात आणि त्याला वाट चुकवतात, असे लोक सांगत. आपण याचा उलगडा वेगळा करू. शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी घटले की माणसाला भ्रम होऊ लागतो. सोबतीला कोणी नसेल, तर तो भ्रम आहे हे सांगणारेही कोणी नसते.

इब्न बतूताच्या तांड्याने या कामासाठी १०० मिस्काल, म्हणजे सुमारे सव्वाचारशे ग्रॅम सोने मोजले. हे महाग वाटते का? हिशेब करून पाहू. चालणाऱ्या माणसाला उन्हात दिवसाला ६ लिटर पाणी लागते, असे समजू. अकरा दिवसांचे माणशी ६६ लिटर होते. चार मुक्काम अलीकडेच पाणी मिळाले, तर सात दिवसांचे ४२ लिटर पुरते. माणशी २४ लिटर वाचले. शंभर माणसांचा तांडा धरला तर २४०० लिटर. उंटावर दीडशे लिटर लादले, तर सोळा उंटांचे ओझे. एका माणसाने नेलेल्या निरोपाने सोळा उंट मोकळे होतात. प्रत्यक्षात सातव्या रात्री तांड्याला पाणी घेऊन आलेल्यांच्या शेकोट्या दिसल्या. त्यांच्या वाटाड्याचा एक डोळा गेलेला आणि दुसरा अधू होता. तरी वाटेची त्याच्याइतकी माहिती कोणालाच नव्हती.

उंटाचे आणि माणसाचे शरीर

या टप्प्यात तांडा दुपार कलल्यावर निघे, रात्रभर चाले आणि सकाळी तळ ठोके. याचे कारण घामात आहे. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हात शरीर थंड ठेवायचे, तर पाणी खर्चावेच लागते. रात्री चालले की हा खर्च कमी होतो.

उंटाची युक्ती निराळी आहे. त्याच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते. १९५३–५४ मध्ये क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्जीरियातल्या बेनी अब्बेस येथे उंटांवर प्रयोग केले. तहानलेल्या उंटाचे तापमान पहाटे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दुपारी ४१ अंशांजवळ जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे दिवसाची उष्णता तो घामावाटे घालवत नाही; अंगात साठवतो आणि रात्री गार हवेत सोडून देतो. पाचशे किलोच्या उंटाचे यातून दिवसाला चार-पाच लिटर पाणी वाचते. वजनाच्या पंचवीस टक्के पाणी घटले तरी तो तगतो. माणसाला हे जमत नाही. म्हणून माणसाला तकशीफ लागतो.

दोन वाटा, एक नियम

एप्रिलच्या मध्यास, सुमारे दोन महिन्यांनी, तांडा वलाताला पोचला. आज मॉरिटेनियात असलेल्या या गावाचा १९९६ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. मुक्काम वगळले तर चालण्याचे दिवस पंचेचाळीसच्या आसपास आणि सरळ रेषेतले अंतर साडेपंधराशे किलोमीटर. म्हणजे दिवसाला जवळजवळ ३४ किलोमीटर. दिल्ली–दौलताबाद सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर. चाळीस दिवसांत दिवसाला २५. सावलीच्या रस्त्यापेक्षा वाळवंटातली चाल अधिक वेगाची निघते! जेथे पाणी जागोजागी मिळते तेथे माणूस सवडीने चालतो. वाळवंटात चालीचा वेग पखालीच ठरवतात.

दोन्हीकडे नियम मात्र एकच दिसतो. माणसाच्या आधी निरोप पोचला पाहिजे. एकीकडे हे काम राज्याच्या शेकडो जासुदांनी केले, दुसरीकडे एका एकट्या माणसाने. आणि निरोप ऐकून पाणी घेऊन निघणारे कोणीतरी पलीकडे असले पाहिजे.

एप्रिल २०१६ मध्ये आपल्या मराठवाड्याने हे अनुभवले. दुष्काळाने कोरड्या पडलेल्या लातूरसाठी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आले. गाडीचे नाव होते ‘जलदूत’. पाच लाख लिटर किती माणसांना किती दिवस पुरेल आणि आपल्या गावाचा तकशीफ कोण, हे दोन प्रश्न पुढच्या सहलीत किल्ल्यावरच्या हत्ती हौदाच्या काठावर मुलांना जरूर विचारावेत. पहिल्याचे उत्तर वहीत मिळेल. दुसऱ्यासाठी गावात फिरावे लागेल.