बेसमेंटमधली मोठी खिडकी

ऑनसाइटला अमेरिकेत राहून आलेल्यांनी ही खिडकी पाहिली असेल. बेसमेंटमधल्या बेडरूमला, बाहेर जमिनीत खणलेला अर्धगोल खड्डा, त्याला पन्हळी पत्र्याचं कडं, कधी एक छोटी शिडी. वाटतं उजेडासाठी असेल. पण नाही, ती आग लागली तर बाहेर पडण्यासाठी आहे. नाव 'इग्रेस विंडो'.

मुळात बेसमेंट का? थंड प्रदेशात जमीन खोलवर गोठते, म्हणून पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर तळघर जवळजवळ फुकटात! तिथे भट्टी आणि कोळसा असायचा, खिडक्या छताला लागून, अगदी बारक्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तेल आणि गॅसची हीटिंग वाढली, कोळसा गेला आणि रिकाम्या जागेत लोकांनी पलंग टाकले. आता जिनाच पेटला तर?

'बाहेर पडायची वाट' हा विषय अमेरिकेने फार महागात शिकला. 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत 146 जण गेले. तिथला एक दरवाजा कुलूपबंद होता. 1913 मध्ये 'नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन'ने यावर समिती नेमली आणि 1927 मध्ये 'बिल्डिंग एक्झिट्स कोड' आला. घरांसाठीचा 'इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड' 2000 चा. राज्यं आणि शहरं तो थोडाफार बदलून स्वीकारतात.

त्यातले आकडे बघा. उघडी जागा किमान 20 इंच रुंद, 24 इंच उंच, आणि क्षेत्रफळ 5.7 चौरस फूट. आता गुणाकार करा: 20 गुणिले 24 म्हणजे जेमतेम 3.3 चौरस फूट! म्हणजे रुंदी 20 ठेवली तर उंची 41 च्या पुढे न्यावी लागते. कारण या वाटेने तुम्ही बाहेर यायचं असतंच, पण पाठीवर हवेचं सिलिंडर घेतलेला फायरमन आतही शिरला पाहिजे. सॅन दिएगोच्या बिल्डिंग आणि फायर खात्यांनी माणसं अशा खिडक्यांतून आत-बाहेर करून ही मापं तपासली होती. खिडकीची खालची कड जमिनीपासून 44 इंचांच्या आत हवी, आणि ती आतून किल्ली किंवा हत्यार न वापरता उघडली पाहिजे.

जुन्या घरात ती बसवणं म्हणजे मोठं काम. बाहेर खणायचं, पायाची काँक्रीटची भिंत करवतीने कापायची, वरचा भार पेलायला लिंटेल द्यायचा, खड्ड्यात खडी टाकून पाण्याचा निचरा करायचा. शिवाय परमिट. म्हणून कित्येक घरमालक हे टाळतात आणि खोली गुपचूप भाड्याने देतात.

त्याचा हिशोब 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री दिसला. आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात बेसमेंटमधले 11 जण गेले. त्यातली बहुतेक घरं बेकायदा केलेली होती. पुरात अशी एक खिडकी पुरेशी नसते, उलट निचरा नसेल तर त्या खड्ड्यातूनच पाणी आत येतं. पण मूळ दुखणं तेच. जी खोली कागदावर नाही, तिथे इन्स्पेक्टरही येत नाही.

असो. तुम्ही किंवा तुमचा कुणी मित्र तिकडे बेसमेंटमध्ये खोली घेणार असेल, तर भाडं विचारायच्या आधी एक करा. ती खिडकी आतून उघडून बघा, आणि तिच्यातून खरंच बाहेर पडता येतं का तेही.