बडोद्यातील यादवी आणि अरब शिबंदीची बहांदरी (१८०० ते १८०३)

अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी राज्यातील बहुतेक मोठी घराणी भाऊबंदकीने पोखरली गेली होती. शिंद्यांच्या छावणीत महादजींच्या विधवा स्त्रिया दौलतरावांविरुद्ध उभ्या होत्या, तर होळकरांकडे तुकोजीरावांचे पुत्र एकमेकांच्या जिवावर उठले होते. या दोन्ही प्रकरणांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. बडोद्याच्या (आजच्या वडोदऱ्याच्या) गायकवाडांकडील यादवीच्या वाट्याला मात्र पाठ्यपुस्तकातील दोनच वाक्ये आली. १८०२ मध्ये गायकवाडांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली, हे पहिले आणि त्याच वर्षी इंग्रजांनी 'अरबांचे बंड' मोडले, हे दुसरे. ही दोन वाक्ये एकमेकांना जोडणारा धागा वर्गात सहसा सांगितला जात नाही. प्रस्तुत लेखात त्या धाग्याचा विचार केला आहे.

या कलहाचे मूळ एक पिढी मागे जाते. पानिपतच्या रणांगणावरून परतलेले दमाजीराव गायकवाड १७६८ मध्ये निवर्तले. गोविंदराव हे त्यांच्या पहिल्या पत्नीचे पुत्र, तर वयाने थोरले सयाजीराव दुसऱ्या पत्नीचे. 'सेना खासखेल' हे पद कोणाला द्यावे याचा निर्णय पुण्याच्या दरबाराने करावयाचा होता. पेशव्यांनी प्रथम गोविंदरावांना मान्यता दिली. १७७१ मध्ये ती सयाजीरावांकडे गेली आणि त्यांचे धाकटे बंधू फत्तेसिंगराव मुतालिक म्हणून कारभार पाहू लागले. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथरावांनी पुन्हा गोविंदरावांना पुढे केले. दर फेरनिर्णयाबरोबर नजराण्याचा आकडा वाढत गेला. पुण्याला हा वाद मिटण्यापेक्षा चालू राहण्यातच लाभ होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. फत्तेसिंगराव १७८९ मध्ये आणि त्यांच्यानंतर कारभार पाहणारे मानाजीराव १७९३ मध्ये वारले, तेव्हा कोठे गोविंदराव बडोद्याला येऊ शकले. तेही सरळपणे नव्हे. त्यांचा दासीपुत्र कानोजी याने वाट अडवली होती आणि त्याच्या भरवशाचे बळ होते अरबांचे.

हे अरब कोण होते? हद्रमौत, येमेन आदी प्रदेशांतून समुद्रमार्गे आलेले पगारी शिपाई अठराव्या शतकात पश्चिम भारतातील अनेक दरबारांत होते. हैदराबाद आणि नागपूर येथेही ते होते. गायकवाडांच्या सेवेत त्यांची संख्या हजारांवर गेली होती आणि बडोदे शहराच्या दरवाज्यांवर त्यांचेच पहारे असत. त्यांना 'शिबंदी' म्हणत. हा शब्द फारसीतून आला असून मराठी दप्तरांत तो इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. शिबंदीचा पगार थेट सरकारी खजिन्यातून येत नसे. सामळ बेचर आणि मंगळ पारिख हे सावकार अरबांना पैसा पुरवीत आणि सरकारकडून तो व्याजासह वसूल करीत. म्हणजे बंदूक अरबाची, पैसा गुजराती वाण्याचा आणि हुकूम मराठी दिवाणाचा, अशी ही साखळी होती. तिची एक कडी धर्माने मुसलमान होती एवढ्यावरून या यादवीला धार्मिक रंग देता येत नाही. तत्कालीन कोणत्याही पक्षाने तो दिलाही नाही.

पगाराइतकीच महत्त्वाची दुसरी एक गोष्ट होती, ती म्हणजे बहांदरी. गुजरातीत आजही 'बांहेधरी' हा शब्द हमी या अर्थाने नित्य वापरात आहे. बाहू धरणे, हात धरणे, हा त्याचा मूळ अर्थ. दरबाराच्या शब्दावर कोणाचाच विश्वास उरला नव्हता, अशा काळात ही प्रथा बळावली. सावकाराने सरकारला कर्ज द्यायचे, पण दिवाण बदलला तर ते बुडणार नाही याची हमी कोण देणार? विरोधी पक्षाच्या माणसाला बोलणीसाठी शहरात बोलवायचे, पण त्याला कैद होणार नाही हे कोण सांगणार? अशा वेळी अरब जमादार मध्ये पडे आणि बहांदरी देई. सरकारने शब्द मोडला तर जमादार आपल्या माणसांसह सरकारच्या दारात बसे. शहराचे दरवाजे त्याच्याच हाती असल्याने त्याच्या बसण्याला वजन होते. थोडक्यात, जे काम न्यायसंस्थेने करावयाचे ते एका पगारी फौजेच्या इभ्रतीवर चालले होते. ही व्यवस्था आदर्श खचितच नव्हती. परंतु ती होती, आणि लोक तिच्यावर विसंबून होते.

१९ सप्टेंबर १८०० रोजी गोविंदराव वारले. गादीवर आलेले आनंदराव स्वभावाने दुबळे व अफूच्या आहारी गेलेले होते. कानोजीने लगेच मुतालिकी बळकावली आणि धन्यालाच जवळजवळ नजरकैदेत ठेवले. ही सत्ता जेमतेम काही महिने टिकली. गोविंदरावांबरोबर पुण्याहून आलेले दिवाण रावजी आप्पाजी आणि त्यांचे बंधू बाबाजी यांनी अरबांना आपल्या बाजूला वळवले व जानेवारी १८०१ मध्ये कानोजी कैद झाला. म्हणजे पहिला सत्तापालटही अरबांच्याच बळावर झाला. पुढे ज्यांना बंडखोर ठरवण्यात आले, त्यांनीच दिवाणाला दिवाणगिरी परत मिळवून दिली होती.

कानोजीचा पक्ष घेऊन आता कडीचे जहागीरदार मल्हारराव गायकवाड पुढे आले. ते आनंदरावांचे चुलत चुलते लागत. कडीकडून बडोद्याला येणाऱ्या पेशकशीची थकबाकी हा जुना तंटा होताच. गोविंदरावांचा आणखी एक दासीपुत्र मुकुंदराव हाही त्यांना जाऊन मिळाला. बाबाजी फौज घेऊन निघाले, परंतु निर्णायक यश येईना. दोन्ही पक्षांनी मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्याकडे वकील पाठवले. डंकन यांनी रावजींची बाजू घेतली. जानेवारी १८०२ च्या अखेरीस मेजर अलेक्झांडर वॉकर सुमारे दोन हजारांच्या फौजेनिशी बडोद्यात दाखल झाले.

कडीची मोहीम इंग्रजांना वाटली तितकी सोपी गेली नाही. मार्चच्या मध्यात वॉकर यांनी केलेला हल्ला मल्हाररावांनी परतवून लावला आणि इंग्रजांना मुंबईकडून कुमक मागवावी लागली. कर्नल सर विल्यम क्लार्क नवी फौज घेऊन आले. ३० एप्रिल रोजी मल्हाररावांचे मोर्चे काबीज करण्यात आले व मेच्या आरंभी ते शरण आले. त्यांना नडियाद येथे राहण्यास जागा आणि सालिना सव्वा लाखाची नेमणूक मिळाली. पाठोपाठ गणपतराव गायकवाडांच्या ताब्यातील संखेडा जुलैमध्ये घेण्यात आले.

ही लढाई चालू असतानाच खंबायत येथे कागदावरची लढाई संपत आली होती. १५ मार्च १८०२ रोजी, म्हणजे कडीचा निकाल लागण्यापूर्वीच, रावजी आणि डंकन यांच्यात करार झाला. सुमारे दोन हजार शिपाई व तोफखाना यांची तैनाती फौज ठरली. तिचा खर्च दरमहा ६५,००० रुपये. शिवाय चौर्यासी परगणा व सुरतेच्या चौथाईतील गायकवाडांचा हिस्सा कंपनीला मिळाला. ६ जूनच्या तहाने हे पक्के झाले. त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी झालेल्या खासगी करारात कंपनीने रावजींना आणि त्यांच्या वंशजांना दिवाणगिरीची हमी दिली. राज्याचा दिवाण आपल्या धन्याकडून नव्हे, तर परसत्तेकडून स्वतःसाठी हमी घेतो, हा या सर्व कागदांतील सर्वांत बोलका भाग आहे. अरब जमादारांऐवजी नवा बहांदर सापडला होता. २९ जुलैच्या करारात अरब शिबंदी कमी करण्याचे कलम आले, तसेच स्वतः महाराजांच्या हातून काही अनुचित घडल्यास कंपनीने हस्तक्षेप करावा, असेही महाराजांच्याच नावे लिहून घेण्यात आले.

या पार्श्वभूमीवर 'बंड' या शब्दाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. अरबांना निरोप देण्याचे ठरले, तेव्हा त्यांचा अनेक महिन्यांचा पगार थकलेला होता. तो मिळाल्याविना जाण्यास त्यांनी नकार दिला. दुसरा प्रश्न त्यांनी दिलेल्या बहांदऱ्यांचा होता. ते निघून गेले तर त्यांच्या शब्दावर विसंबलेल्या लोकांचे काय? या मागण्या बंडखोरीच्या नव्हेत. थकलेल्या पगारासाठी धरणे धरणे ही तत्कालीन मराठी फौजांतील नेहमीचीच रीत होती. मात्र अरबांची बाजू मांडताना त्यांचे पुढील वर्तन झाकणेही इतिहासाला धरून होणार नाही. त्यांनी महाराजांना आपल्या पहाऱ्यात अडकवून ठेवले, कानोजीला सोडवले आणि संपूर्ण शहर ओलीस धरले. न्याय्य मागणीसाठी निरपराध नागरिकांना वेठीस धरणे त्या काळीही क्षम्य मानले जात नसे.

डिसेंबरमध्ये कर्नल वुडिंग्टन यांच्या फौजेने बडोद्याला वेढा घातला. सुमारे दहा दिवस तोफा चालल्या, तटाला खिंडार पडले आणि २६ डिसेंबर १८०२ रोजी अरबांनी शहर सोडण्याचे मान्य केले. शर्ती पाहण्यासारख्या आहेत. थकलेला पगार देण्याचे कबूल झाले. त्याची रक्कम सुमारे साडेसतरा लाख भरली आणि ती कंपनी व सावकार यांच्याकडील कर्जातून उभी राहिली. अरबांच्या बहांदऱ्या कंपनीने आपल्या शिरावर घेतल्या. म्हणजे तोफांनी ज्यांना हरवले त्यांच्या दोन्ही मुख्य मागण्या कागदावर मान्य झाल्या. मग दहा दिवसांचा वेढा कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला तर त्याचे उत्तर एवढेच की, हमी कोणाच्या नावाने चालणार हे त्या वेढ्याने ठरले. या घटनेनंतर पाचच दिवसांनी वसईचा तह झाला आणि त्यात बाजीराव पेशव्यांनी गायकवाडांशी झालेल्या कंपनीच्या कराराला मान्यता दिली.

बहुतेक अरब शर्तीप्रमाणे प्रांत सोडून गेले. जमादार अबूद याने मात्र शब्द न पाळता कानोजीला साथ दिली. १८०३ च्या आरंभी मेजर होम्स यांनी त्यांचा पाठलाग करून पराभव केला. मल्हाररावही नडियादहून निसटून काठियावाडात गेले, पण त्याच वर्षी पकडले जाऊन मुंबईला बंदिवासात पोहोचले. रावजी आप्पाजी जुलै १८०३ मध्ये वारले. त्यांचे दत्तक पुत्र सीताराम यांच्याकडे दिवाणगिरी गेली, कारण तशी हमीच होती. कानोजीची कहाणी आणखी काही वर्षे रेंगाळली. तो पुढे शरण आला, बडोद्यात राहिला, पुन्हा कारस्थानात सापडला आणि अखेर मद्रासेकडे रवाना करण्यात आला.

२१ एप्रिल १८०५ च्या तहाने तैनाती फौज तीन हजार पायदळाची झाली आणि तिच्या खर्चासाठी ११ लाख ७० हजार उत्पन्नाचा मुलूख कंपनीकडे गेला. अरब जमादाराची बहांदरी त्याच्या तैनातीपुरती होती. कंपनीची बहांदरी वंशपरंपरागत झाली. सावकार, दिवाण, मुत्सद्दी ज्याला त्याला ती हवीशी वाटू लागली आणि पुढे दुसरे सयाजीराव गादीवर आले तेव्हा आपल्याच प्रजेतील हमीदारांपुढे त्यांचे काही चालेना.

पेशव्यांच्या जुन्या येण्याचा हिशेब मिटवण्यासाठी १८१४ मध्ये गंगाधरशास्त्री पटवर्धन बडोद्याहून पुण्यास गेले, तेही कंपनीच्या हमीवर. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. हमी आपली होती, हे कारण पुढे करून रेसिडेंट एल्फिन्स्टन यांनी त्रिंबकजी डेंगळे यांना ताब्यात देण्याची मागणी केली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात बाजीरावांना ती मान्य करावी लागली.