सह्याद्रीतील खडकांचे थर आणि गिरिदुर्गांवरील पाणी : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासलेखनात सह्याद्रीचा उल्लेख पदोपदी येतो. परंतु तो बहुधा पार्श्वभूमी म्हणून. 'बेलाग', 'दुर्गम', 'राकट' या विशेषणांपलीकडे जाऊन या पर्वताच्या खडकाचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने क्वचितच केला आहे. तो भूशास्त्राचा प्रांत, अशी आपली समजूत असते. या समजुतीमुळे गिरिदुर्गांच्या अभ्यासात एक प्रश्न दुर्लक्षित राहिला आहे. चहूबाजूंनी तुटलेल्या, पावसाळा संपताच कोरड्या पडणाऱ्या डोंगरमाथ्यावर शेकडो माणसांना वर्षभर पुरेल इतके पाणी कसे राहत होते? केवळ 'टाकी खोदली' हे त्याचे पूर्ण उत्तर नाही. टाके कोणत्या थरात खोदले, यावर त्यात पाणी टिकणे अवलंबून असते. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार गडांवरील अवशेष आणि भूशास्त्र या दोहोंच्या आधारे केला आहे.

थरांची घडण

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतील लांबच लांब भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडला व पसरत गेला. थंड झालेल्या या प्रवाहांचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले. आज त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर असून पश्चिमेकडे, म्हणजे सह्याद्रीत, थरांची एकूण जाडी सर्वांत अधिक आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर हे अशाच थरांच्या राशीचे झिजून उरलेले टोक होय. या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात. जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून हे नाव आले आहे. हरिश्चंद्रगडासमोर उभे राहून पाहिले असता ते किती यथार्थ आहे, याची प्रचिती येते.

येथील थर बहुतांशी आडवे आहेत, पण एकसारखे नाहीत. काही प्रवाह घन, काळ्या बेसॉल्टचे आहेत. काहींत लाव्हारसातील वायूंच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या झिओलाइट, गारगोटी यांसारख्या खनिजांनी भरल्या. या खडकाला कुहरी बेसॉल्ट म्हणतात. दोन प्रवाहांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या मातकट खडकाचा पातळ पट्टा आढळतो. कर्नल विल्यम साइक्स याने १८३० च्या दशकात दख्खनच्या भूरचनेविषयी जो निबंध लिहिला, त्यात आडव्या थरांच्या या आलटून-पालटून येण्याची नोंद आहे. मात्र साइक्सने जे लिहून ठेवले, ते येथील पाथरवटांच्या छिन्नीला शतकानुशतके ठाऊक होते, असे मानण्यास टाक्यांचा पुरावा पुरेसा आहे.

डोंगराचा उभा छेद पाहिल्यास गडाच्या भागांची आपली नावे या रचनेशी जुळतात. घन बेसॉल्टचा थर सरळ तुटतो व त्याचा कडा होतो. त्याखालचा मऊ थर लवकर झिजून सपाटी तयार होते, तीच माची. माचीवर पुन्हा कडा आणि त्यावर बालेकिल्ला. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला पाहताना, दुर्गरचनाकाराने आराखड्याचा मोठा भाग डोंगराकडूनच घेतला, असे म्हणावेसे वाटते.

टाके आणि झरा

प्रथमदर्शनी वाटते की काळाकुट्ट, घन खडक पाणी धरील आणि छिद्राळ दिसणारा खडक ते गाळून टाकील. वस्तुस्थिती बहुधा उलट आहे. घन बेसॉल्ट थंड होताना आकसला आणि त्यात उभ्या-आडव्या सांध्यांचे जाळे निर्माण झाले. खडक कितीही कठीण असला तरी या सांध्यांतून पाणी निसटते. कुहरी बेसॉल्टमध्ये असे सांधे फारच कमी असतात आणि त्याची छिद्रे खनिजांनी बुजलेली असतात. त्यामुळे तो जलाभेद्य ठरतो. शिवाय छिन्नीला मऊही लागतो. धरणे व बोगदे यांच्या कामांच्या निमित्ताने पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. आर. बी. गुप्ते यांनी या फरकाकडे आग्रहाने लक्ष वेधले होते. गडांवरील टाक्यांचा अभ्यास करणाऱ्याने हे विवेचन अवश्य विचारात घ्यावे.

झऱ्याचे गणितही यातूनच उलगडते. सांध्यांतून झिरपलेले पाणी खालच्या अभेद्य थरावर किंवा तांबड्या पट्ट्यावर अडते आणि आडवे वाहून कड्याच्या पायथ्याशी बाहेर येते. म्हणून झरे मनास येईल तेथे नसतात. ते थरांच्या सीमारेषेवर सापडतात. मात्र झरा सांध्यांवर अवलंबून, आणि सांध्यांतील साठा मर्यादित. टाके त्या मानाने भरवशाचे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी लिहिलेल्या या ग्रंथात पाणी पाहूनच किल्ला बांधावा, पाणी नसेल तर आधी खडक फोडून तळी-टाकी बांधावीत, असे बजावले आहे. त्याहून मार्मिक आहे तो पुढचा इशारा : गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. आवाजाच्या या कारणाचा निवाडा भूजलतज्ज्ञांनी करावा. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, झरा आणि टाके ही दोन भिन्न स्वभावांची साधने आहेत, हा विवेक राज्यकर्त्यांपाशी होता व तो लेखी धोरणात उतरला होता.

अर्थात प्रत्येक जागा निर्दोष निवडली गेली, असे नव्हे. रायगडावरील गंगासागर भरलेला असे, तर तेथीलच हत्ती तलाव दीर्घकाळ गळका म्हणून ओळखला जाई. एकाच माथ्यावरील हा फरक अभ्यासकांना बरेच काही शिकवणारा आहे. जिंजीचा प्रश्न निराळा; तेथील खडक ग्रॅनाइटचा, त्यामुळे सह्याद्रीचे आडाखे तेथे लागू पडत नाहीत.

१८१८ नंतर इंग्रजांनी नाशिक-अहमदनगर भागातील अनेक गडांचे पायरीमार्ग सुरुंगांनी उडवले. वाट तुटली तरी माथ्यावरची टाकी बहुतेक ठिकाणी शाबूत राहिली. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्यापासून गडांवरील डागडुजीला वेग येणे स्वाभाविक आहे. तेथे चिंता वाटते. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसमवेत एका गडावर गेलो असता, गाळ काढण्याच्या उत्साहात एका टाक्याचा तळ पहारीने खोल केलेला दिसला. कुहरी खडकाचा तळ संपून खालचा सांध्यांचा काळा पाषाण उघडा पडला होता. गडावर राहणाऱ्या एका वृद्धेने सांगितले की पूर्वी त्या टाक्याचे पाणी वैशाखापर्यंत पुरे; आम्ही पोहोचलो तेव्हा मार्गशीर्ष चालू होता आणि तळाशी ओल तेवढी उरली होती.