प्रारंभिक बूट टप्प्यातील नेटवर्क ड्रायव्हर समस्या

संगणक सुरू होत असताना, कार्यप्रणालीची मुख्य फाइल-व्यवस्था उपलब्ध होण्यापूर्वीच्या काळात नेटवर्क कार्ड कार्यान्वित न होणे, या दोषास प्रारंभिक बूट टप्प्यातील नेटवर्क ड्रायव्हर समस्या असे म्हणतात. घरगुती संगणकावर हा दोष सहसा जाणवत नाही. तेथे कार्यप्रणाली स्थानिक डिस्कवर असते आणि नेटवर्क थोडे उशिरा सुरू झाले तरी काम अडत नाही. परंतु ज्या संगणकाची कार्यप्रणाली दुसऱ्या संगणकावर साठवलेली असते, किंवा ज्याच्या कूटबद्ध डिस्कचे कुलूप दुरून उघडावे लागते, तो संगणक या टप्प्यावर नेटवर्क न मिळाल्यास तेथेच थांबतो. या लेखात मुख्यतः लिनक्स कार्यप्रणालीतील स्थितीचे वर्णन असून विंडोजमधील समांतर समस्येचा परामर्श स्वतंत्र विभागात घेतला आहे.

पार्श्वभूमी

कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. कर्नल आणि यंत्रभाग यांच्यात संवाद घडवून आणणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये ड्रायव्हर दोन प्रकारे उपलब्ध असतो: एकतर तो कर्नलमध्येच अंतर्भूत केलेला असतो, किंवा ‘मॉड्यूल’ नावाच्या स्वतंत्र फाइलच्या रूपात डिस्कवर ठेवलेला असतो. नेटवर्क कार्डांचे प्रकार असंख्य असल्यामुळे बहुतेक वितरणांत त्यांचे ड्रायव्हर मॉड्यूलच्या रूपात दिले जातात.

येथे एक अडचण उद्भवते. मुख्य फाइल-व्यवस्था नेटवर्कपलीकडे असेल, तर तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी नेटवर्क ड्रायव्हर हवा. आणि तो ड्रायव्हर तर त्याच फाइल-व्यवस्थेत ठेवलेला असतो. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार लावून घ्यावे, तशी ही स्थिती होय. ती टाळण्यासाठी कर्नलबरोबर एक लहान तात्पुरती फाइल-व्यवस्था स्मृतीत चढवली जाते. १९९० च्या दशकात यासाठी ‘इनिटआरडी’ ही पद्धत प्रचलित झाली. डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्नल २.६ पासून ‘इनिटरॅमएफएस’ ही अधिक सुटसुटीत पद्धत रूढ झाली. इनिटरॅमएफएस हे ‘सीपीआयओ’ स्वरूपातील एक गाठोडे असते. कर्नल ते स्मृतीत उलगडतो आणि त्यातील ‘इनिट’ ही आज्ञावली चालवतो. आवश्यक ड्रायव्हर चढवणे, मुख्य फाइल-व्यवस्था जोडणे आणि तिच्याकडे सूत्रे सोपवणे ही इनिटची कामे होत. या गाठोड्यात जे बांधलेले नाही, ते या टप्प्यावर उपलब्ध नसते.

नेटवर्कवरून बूट होण्याचा क्रम

नेटवर्कवरून बूट होणाऱ्या संगणकात नेटवर्क कार्डाचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

१. संगणक सुरू होताच बायोस किंवा यूईएफआय हे मूळ सॉफ्टवेअर कार्डाचा ताबा घेते. इंटेलने मांडलेल्या ‘पीएक्सई’ या मानकानुसार ते डीएचसीपीद्वारे पत्ता मिळवते आणि सहसा टीएफटीपीद्वारे बूटलोडर, कर्नल व इनिटरॅमएफएस उतरवून घेते. पीएक्सईची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली.

२. कर्नल सुरू झाल्यावर मूळ सॉफ्टवेअरच्या नेटवर्क सेवा संपुष्टात येतात. कर्नलला कार्ड नव्याने शोधावे लागते.

३. इनिटरॅमएफएसमधील इनिट योग्य मॉड्यूल चढवते, डीएचसीपीकडे पुन्हा पत्ता मागते आणि एनएफएस किंवा आयस्कझीद्वारे मुख्य फाइल-व्यवस्था जोडते.

४. मुख्य फाइल-व्यवस्थेकडे सूत्रे जातात व नेहमीच्या सेवा सुरू होतात.

या क्रमातून निदानाचे एक महत्त्वाचे सूत्र निघते. पीएक्सईद्वारे कर्नल उतरला, म्हणजे कार्ड, तार आणि डीएचसीपी सेवा त्या क्षणी ठीक होत्या, एवढेच सिद्ध होते. कर्नलजवळ त्या कार्डाचा ड्रायव्हर आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘आताच तर नेटवर्क चालत होते’ या समजुतीमुळे अनेकदा तार आणि सर्व्हर तपासण्यात वेळ जातो व खरा दोष बाजूला राहतो.

महत्त्व

पुढील प्रसंगी प्रारंभिक टप्प्यातच नेटवर्क आवश्यक असते:

• डिस्कविरहित संगणकांच्या प्रयोगशाळा, जेथे सर्व यंत्रे एकाच सर्व्हरवरून चालतात.
• आयस्कझी किंवा एनएफएसवर मुख्य फाइल-व्यवस्था असलेले सर्व्हर.
• कूटबद्ध डिस्क असलेले दूरस्थ सर्व्हर. डेबियनमध्ये ‘ड्रॉपबेअर’ ही लहान एसएसएच सेवा इनिटरॅमएफएसमध्ये घालून परवलीचा शब्द दुरून देता येतो. ‘क्लेव्हिस’ आणि ‘टँग’ या जोडीने हेच काम आपोआप होते.
• ‘केडम्प’ ही व्यवस्था. कर्नल कोसळल्यावर दुसरा कर्नल सुरू होऊन स्मृतीची प्रत नेटवर्कवरून सुरक्षित स्थळी पाठवतो. या दुसऱ्या कर्नलच्या इनिटरॅमएफएसमध्ये ड्रायव्हर नसल्यास ती प्रत, आणि तिच्याबरोबर बिघाडाचा पुरावाही, नष्ट होतो.

कारणे

मॉड्यूलचा अभाव

हे एक नेहमी आढळणारे कारण होय. इनिटरॅमएफएस तयार करण्यासाठी फेडोरा व रेड हॅट परिवारात ‘ड्रॅकट’, डेबियन व उबुंटू परिवारात ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’ आणि आर्च लिनक्समध्ये ‘एमकेइनिटसीपीआयओ’ ही साधने प्रचलित आहेत. गाठोड्याचा आकार लहान राहावा म्हणून ही साधने केवळ त्याच यंत्राला लागणारे ड्रायव्हर निवडू शकतात. ड्रॅकटमध्ये या पद्धतीला ‘होस्टओन्ली’ म्हणतात. अशा यंत्राची डिस्क दुसऱ्या यंत्रात बसवली, मदरबोर्ड बदलला किंवा प्रत्यक्ष यंत्राचे रूपांतर आभासी यंत्रात केले, की नव्या कार्डाचा ड्रायव्हर गाठोड्यात सापडत नाही. आभासी यंत्रातील ‘व्हर्टआयओ’ कार्डाच्या बाबतीत असे अनुभव येतात.

आवृत्तीतील विसंगती

मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलेले असते, त्याच कर्नलमध्ये ते चालते. टीएफटीपी सर्व्हरवर कर्नल आणि इनिटरॅमएफएस या दोन वेगळ्या फाइली असतात. त्यांपैकी कर्नल तेवढा अद्ययावत करून इनिटरॅमएफएस जुनेच ठेवल्यास गाठोड्यात मॉड्यूल असूनही नवा कर्नल ते स्वीकारत नाही.

फर्मवेअरचा अभाव

काही कार्डांना ड्रायव्हरखेरीज फर्मवेअर नावाची स्वतंत्र फाइल लागते. ती गाठोड्यात नसेल, तर ड्रायव्हर चढतो, परंतु कार्ड सुरू होत नाही. कर्नलच्या नोंदींत फर्मवेअर चढवणे अयशस्वी झाल्याचा संदेश उणे २ या त्रुटी-क्रमांकासह दिसतो. ‘फाइल अस्तित्वात नाही’ असा या क्रमांकाचा अर्थ आहे. ड्रायव्हर कर्नलमध्ये अंतर्भूत असला, तरी ही अडचण टळत नाही. अशा वेळी फर्मवेअरही कर्नलमध्ये किंवा इनिटरॅमएफएसमध्ये समाविष्ट करावे लागते.

साहाय्यक मॉड्यूलचा अभाव

एका ड्रायव्हरला दुसऱ्याची जोड लागू शकते. रिअलटेक कार्डांचा ‘आर८१६९’ हा ड्रायव्हर याचे ठळक उदाहरण आहे. अलीकडील कर्नलमध्ये त्याला ‘रिअलटेक’ नावाचे आणखी एक मॉड्यूल लागते. ते नसल्यास, ते इनिटरॅमएफएसमध्ये घालण्याची गरज असावी, असे खुद्द ड्रायव्हरच नोंदीत सुचवतो.

नावातील बदल

पूर्वी नेटवर्क जोडण्यांना ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी नावे शोधक्रमानुसार मिळत. ती प्रत्येक बूटवेळी तशीच राहतील, याची खात्री नसे. २०१३ मधील ‘सिस्टिमडी’च्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्डाच्या स्थानावर आधारलेली नावे प्रचारात आली. बूटच्या आज्ञेत जुने नाव आणि प्रत्यक्षात नवे नाव असल्यास ड्रायव्हर निर्दोष असूनही पत्ता मिळत नाही.

स्वाक्षरीची अट

सिक्युअर बूट सुरू असलेल्या यंत्रावर अनेक वितरणांचे कर्नल स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल नाकारतात. कर्नलबाहेर स्वतंत्रपणे बांधलेल्या ड्रायव्हरच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते.

ड्रायव्हरसदृश भासणारे दोष

स्विचवरील स्पॅनिंग ट्री नियमामुळे तार जोडल्यावर मार्ग खुला होण्यास मूळ मांडणीनुसार ३० सेकंद लागू शकतात. कर्नलने कार्ड नव्याने सुरू करताच ही प्रतीक्षा पुन्हा सुरू होते आणि तेवढ्यात डीएचसीपीची मुदत संपते. स्विचचे ते द्वार ‘एज पोर्ट’ म्हणून घोषित केल्यास किंवा बूटमधील प्रतीक्षाकाल वाढवल्यास हा दोष दूर होतो.

निदान

निदानासाठी प्रारंभिक टप्प्यातच आज्ञा देण्याची सोय लागते. ड्रॅकटमध्ये ‘आरडी.ब्रेक’ किंवा ‘आरडी.शेल’ आणि इनिटरॅमएफएस-टूल्समध्ये ‘ब्रेक’ हा शब्द कर्नलच्या आज्ञाओळीत घातल्यास अशी सोय मिळते. पडद्यावरून संदेश भराभर सरकून जात असल्यास सिरियल कन्सोल उपयोगी पडतो. नेटवर्कवरून संदेश पाठवणारा ‘नेटकन्सोल’ येथे निरुपयोगी ठरतो, कारण त्यालाही तोच ड्रायव्हर लागतो.

त्यानंतर पुढील प्रश्न याच क्रमाने तपासतात. ज्या प्रश्नाचे उत्तर प्रथम नकारार्थी येते, तेथे दोष असतो.

१. कर्नलला कार्ड दिसते का? ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा गाठोड्यात नसल्यास ‘सिस’ निर्देशिकेतील पीसीआय उपकरणांची यादी पाहता येते. प्रत्येक कार्डावर निर्मात्याचा व उपकरणाचा क्रमांक असतो. इंटेलचा क्रमांक ८०८६, रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४ आणि व्हर्टआयओचा १एएफ४ आहे.

२. कार्डाला ड्रायव्हर जोडला गेला आहे का? नसल्यास मॉड्यूल गाठोड्यात आहे का, हे पाहून ‘मॉडप्रोब’ आज्ञेने ते हाताने चढवून पाहतात.

३. ड्रायव्हरने त्रुटी नोंदवली आहे का? ‘डीमेसेज’ आज्ञेने फर्मवेअर, स्वाक्षरी व आवृत्तीविषयीचे संदेश दिसतात. येथे त्रुटी नसणे हेच अनुकूल उत्तर होय.

४. नेटवर्क जोडणी निर्माण झाली आहे का? ‘आयपी लिंक’ या आज्ञेत केवळ ‘एलओ’ ही अंतर्गत जोडणी दिसत असल्यास दोष वरील तीन पायऱ्यांतच आहे.

५. तारेवर संकेत आहे का? जोडणीच्या ‘कॅरिअर’ फाइलमध्ये १ असल्यास संकेत आहे, ० असल्यास नाही. जोडणी प्रथम सुरू केल्याखेरीज ही फाइल वाचता येत नाही; तेव्हा येणारी त्रुटी तारेच्या बिघाडाची खूण समजू नये.

६. पत्ता मिळाला आहे का? येथपर्यंत सर्व ठीक असल्यास ड्रायव्हर निर्दोष असून दोष नाव, डीएचसीपी किंवा स्विच यांत शोधावा.

उपाय

अद्याप बूट होणाऱ्या जुन्या कर्नलवरून किंवा बचाव-प्रतिमेवरून संगणक सुरू करून इनिटरॅमएफएस पुन्हा बांधणे हा मुख्य उपाय होय. हवे ते मॉड्यूल ड्रॅकटच्या मांडणी-फाइलमध्ये, अथवा इनिटरॅमएफएस-टूल्सच्या ‘मॉड्यूल्स’ फाइलमध्ये नोंदवतात. बांधणीनंतर ‘एलएसइनिटआरडी’ किंवा ‘एलएसइनिटरॅमएफएस’ या आज्ञेने मॉड्यूल व फर्मवेअर दोन्ही खरोखर आत आल्याची खात्री करून घेतात.

डिस्कविरहित यंत्रांसाठीचे गाठोडे सर्व्हरवर बांधले जाते. तेथे ‘होस्टओन्ली’ पद्धत वापरल्यास सर्व्हरच्या कार्डाचे ड्रायव्हर येतात, यंत्रांच्या कार्डाचे नव्हे. म्हणून अशा वेळी सर्वसमावेशक गाठोडे बांधणे इष्ट असते.

विंडोजमधील समस्या

विंडोज पीई हे विंडोजच्या स्थापनेसाठी वापरले जाणारे लहान रूप असून ते ‘बूट.विम’ या प्रतिमेतून स्मृतीत चढते. प्रतिमेत कार्डाचा ड्रायव्हर नसल्यास ‘आयपीकॉन्फिग’ आज्ञेत एकही कार्ड दिसत नाही. ‘ड्रव्हलोड’ आज्ञेने ड्रायव्हर त्या सत्रापुरता चढवता येतो. तो उपयोगी ठरल्यास ‘डिझम’ साधनाने प्रतिमेत कायमचा घालतात. हा ड्रायव्हर विंडोज पीईच्या आवृत्तीशी जुळणारा असावा लागतो. जी विंडोज स्थापायची आहे तिच्याशी जुळणे येथे पुरेसे नसते. आयस्कझीवरून चालणाऱ्या विंडोजमध्ये कार्ड बदलल्यास बूट डिस्क न सापडल्याची ०एक्स७बी ही त्रुटी येऊ शकते.

प्रतिबंध

नवे गाठोडे चालते याची खात्री होईपर्यंत जुना कर्नल व जुने गाठोडे जपून ठेवणे, कर्नल आणि इनिटरॅमएफएस नेहमी जोडीनेच बदलणे आणि अनेक यंत्रांच्या समूहात बदल प्रथम एकाच यंत्रावर तपासणे हे प्रतिबंधाचे मुख्य मार्ग होत. दूरस्थ यंत्राचा कार्ड-बदल किंवा कर्नल-बदल करण्यापूर्वी सिरियल कन्सोल किंवा आयपीएमआय यांसारखा, त्या यंत्राच्या कार्यप्रणालीवर अवलंबून नसलेला मार्ग उपलब्ध असणे आवश्यक असते. अन्यथा दुरुस्तीसाठी यंत्रापर्यंत प्रत्यक्ष जावे लागते.

हे सुद्धा पहा

• लिनक्स कर्नल
• बूटलोडर
• डीएचसीपी
• यूईएफआय