तळटीप १७ : भारत-चीन भाजीपाला तुलना

१७. दोन देशांचे आकडे शेजारी मांडताना आधी बटाटा पाहावा. भारत सरकार तो भाजीपाल्यात मोजते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना मात्र कंदमुळांत.

भारताचे भाजीपाला उत्पादन १९९१-९२ मध्ये सुमारे ५.९ कोटी टन होते, २०२१-२२ मध्ये २०.९ कोटी झाले. वाढ मोठीच, पण या २०.९ कोटींत ५.६ कोटी टन बटाटा आहे. चीन बटाट्यावाचूनही ६० कोटींच्या आसपास!

महाड-पोलादपूरचा वाल मोजणे बटाट्याहून अवघड. भातकापणीनंतर खाचरातल्या ओलीवर तो येतो. हिरव्या शेंगा भाजीत धरल्या जातात, वाळलेला दाणा कडधान्यात. भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करण्यासाठी घरी राखलेला वाल तर बाजार समितीच्या आवकेत येतच नाही.